लवकर झोपू नका

दर उन्हाळ्यात पुण्याहून जेद्दाला परतताना माझं आणि आईचं एकच भांडण होतं, जायफळावरून. बॅग भरून झाली की ती कुठल्यातरी मोज्यात दोन जायफळं सरकवते आणि मी ती हुडकून बाहेर काढते. "अगं, दुधात उगाळून घे रात्री. बघ कशी गाढ झोप लागते." सौदी अरेबियात जायफळ नेता येत नाही, हे मी तिला चार वर्षं सांगते आहे. मिश्र मसाल्यात थोड्या प्रमाणात असलं तर चालतं, पण अख्खं जायफळ किंवा त्याची नुसती पूड इथे नशेच्या पदार्थात मोडते. खसखशीचं तर नावच काढायचं नाही. ती अफूच्या बोंडातली, त्यामुळे थेट अमली पदार्थांच्या कायद्यात. म्हणजे आपल्या आज्यांनी झोपेसाठी सांगून ठेवलेली दोन्ही औषधं इथे विमानतळावरच अडतात. पुरणपोळी वेलदोड्यावर भागवावी लागते, ती तक्रार वेगळी.

पहिल्या वर्षी मला हा कायदा हास्यास्पद वाटला होता. आता वाटतं, त्याने माझ्यावर नकळत उपकारच केले. जायफळ हाताशी असतं तर झोप बाहेरून आणायची वस्तू आहे, ही समजूत मी अजून काही वर्षं उराशी धरून बसले असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना लवकर येईल. झोप न लागणाऱ्या माणसाला आपण मराठी लोक जे सल्ले देतो, ते नुसते निरुपयोगी असते तर मी हा लेख लिहिला नसता. त्यातले बरेचसे अपायकारक आहेत. आणि सगळ्यांत अपायकारक आहे तो सगळ्यांत निरागस दिसणारा, शाळेच्या भिंतीवर रंगवलेला सल्ला: लवकर झोपा.

एखाद्या रात्री परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या काळजीने डोळा लागत नाही, त्याबद्दल मी बोलत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल, आणि त्याचा दिवसा त्रास होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुना निद्रानाश म्हणतं. माझा पीएचडीच्या शेवटच्या वर्षी सुरू झाला. प्रबंध संपला, पदवी मिळाली, नोकरी मिळाली, देश बदलला. तो तसाच राहिला. "टेन्शन संपलं की झोप येईल" म्हणणाऱ्यांनी याची कृपया नोंद घ्यावी.

याचं उत्तर आपल्या भाषेत आधीपासूनच आहे, याची मला नंतर गंमत वाटली. "मी दहाला झोपले, पण झोप दोनला लागली." मराठीत हे वाक्य कुणालाही खटकत नाही. झोपणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. पहिलं मी करते, दुसरं मला होतं. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तशी झोप लागते. भूक लागावी म्हणून कुणी ताटासमोर दोन तास आधी जाऊन बसत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो, आणि वर एकमेकांना करायला लावतो.

मी केलं ते असं. साडेअकराला झोप लागत नाही ना, मग अकराला आडवं व्हायचं. तरी लागत नाही, मग साडेदहाला, मग दहाला. कधीतरी लागेलच की! फोन बाजूच्या खोलीत, दिवे बंद, कोमट दूध, पायांच्या तळव्यांना तेल, श्वासाची मोजदाद. सकाळचा गजर साडेसहाचा. म्हणजे साडेआठ तास अंथरुणात आणि झोप सव्वापाच तास. बाकीचे सव्वातीन तास मी रोज अंधारात एकच धडा गिरवत होते: ही गादी म्हणजे जागं राहण्याची, छताकडे बघण्याची, उद्याच्या दिवसाचा हिशेब मांडण्याची जागा आहे. हा धडा शरीर फार लवकर शिकतं. सोफ्यावर पेंगणारं माणूस उठून पलंगावर गेलं की टक्क जागं होतं, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1972 साली हीच गोष्ट मांडली आणि तिच्यावरचा उपायही सांगितला. डोळ्यांवर झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. गेल्यावर थोड्या वेळात लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, झोप आल्यावरच परत यायचं. अंथरुणात वाचन नाही, जेवण नाही, काळजी नाही. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं आणि दिवसा झोपायचं नाही. त्यानंतर 1987 साली आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधून आणखी धीट उपाय मांडला. जितके तास खरोखर झोप लागते, साधारण तितकेच तास अंथरुणात राहायचं. पाच तास लागते? मग पाचच तास. ती सलग आणि घट्ट झाली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची.

म्हणजे ज्याला झोप लागत नाही, त्याला उपाय काय? उशिरा झोपा!

हे पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या घरात जी प्रतिक्रिया झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. पण विचार करा. जागेपणी मेंदूत झोपेचा एक दाब साठत जातो. जितका वेळ जागे, तितका दाब जास्त. त्याच्या जोडीला शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ असतं. या दोघांच्या मेळातून झोप लागते, असं झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलं आणि आजही निद्राशास्त्र त्याच पायावर उभं आहे. लवकर आडवं होणारा माणूस दाब पुरेसा साठण्याआधीच अंथरुणात जातो. दुपारी डुलकी काढणारा तो गळू देतो. रात्री उशिरा कॉफी घेणारा तो झाकून ठेवतो. आपले पूर्वज हे सगळं पाच शब्दांत सांगून गेले: भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. दाब असेल तर उशाला दगडही चालतो. नसेल तर महागडी गादीही रात्रभर टोचते. आपण ही म्हण गरिबांनी काटकसर कशी करावी हे सांगायला वापरतो आणि मग मुलांसाठी मेमरी फोमची उशी मागवतो.

मी कागदावर दोन आठवडे झोपेची नोंद ठेवली, अंथरुणातले तास साडेपाचवर आणले, रात्री साडेबारा ते सकाळी सहा. पहिले दहा दिवस भयंकर गेले. दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेत उभ्याउभ्या डोळे मिटायचे. त्या काळात मी गाडी चालवली नाही, आणि हा उपाय करणाऱ्या कुणीही चालवू नये. थुवलहून जेद्दापर्यंतचा ऐंशी किलोमीटरचा सरळसोट रस्ता पुरेशा झोपेतही माणसाला पेंग आणतो. अकराव्या-बाराव्या रात्री मी साडेबाराची वाट बघत बसले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मला झोपायचं होतं आणि मीच स्वतःला थांबवत होते. दोन-अडीच महिन्यांत सव्वाअकरा ते सहा इथपर्यंत आले. आजही कधीकधी एखादी रात्र जाते. पण आता गेली तर ती रात्र जाते, आठवडा जात नाही.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावर उभं नाही. बूटझिन आणि स्पीलमन यांचे उपाय आणि झोपेविषयीच्या चुकीच्या समजुती तपासण्याचं तंत्र मिळून जो उपचार झाला, त्याला निद्रानाशासाठीची वर्तनचिकित्सा म्हणता येईल. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली स्पष्ट सांगितलं की जुन्या निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांना पहिला उपचार हाच द्यावा, गोळ्यांचा विचार नंतर. पुढच्याच वर्षी युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनी तेच म्हटलं. आणि अमेरिकेहून येणारी मावशी जे मेलॅटोनिनचे डबे भेट म्हणून वाटते ना, त्याबद्दल अमेरिकेच्याच निद्रावैद्यक अकादमीने 2017 साली सुचवलं आहे की जुन्या निद्रानाशासाठी ते देऊ नये. जेटलॅगची किंवा झोपेचं घड्याळच मागे पडलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथेही प्रश्न किती घ्यायचं यापेक्षा किती वाजता घ्यायचं याचा असतो. हे ती मावशी सांगत नाही.

मग हे आपल्याला कुणी का सांगत नाही? माझ्या मते दोन कारणं. एक म्हणजे गोळी लिहायला दोन मिनिटं लागतात आणि हा उपचार समजावायला दोन तास. दुसरं कारण आपलं आहे. आपल्याकडे झोप ही चारित्र्याची परीक्षा असते. लवकर निजणारा गुणी, उशिरा निजणारा उनाड. त्यामुळे ज्याला झोप लागत नाही त्याची पहिली चौकशी आरोपीसारखी होते. फोन बघतोस का? फार विचार करतेस का? व्यायाम करतोस का? "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. घरोघरी एक काका पहाटे तीनला ओसरीवर तंबाखू मळत बसलेले असायचे, त्यांना आपण लवकर उठणारे म्हणायचो.

आता सौदीतल्या मित्रमंडळींकडे वळते, कारण त्यांच्याकडे एक तयार सबब असते: "इथलं वातावरणच तसं आहे." इथली रात्र जिवंत आहे, हे खरं. उन्हाळ्यात दिवसा बाहेर पडवत नाही, त्यामुळे बाजार, बागा, मुलांची खेळणी, पाहुणचार सगळं इशाच्या नमाजानंतर. रात्री अकराला वेलदोडा घातलेला फिकट अरबी कहवा समोर येतो. त्याच्या रंगावरून फसू नका, ती कॉफीच आहे. निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारलाही निम्मी कॉफी तुमच्याबरोबर जागी असते. रमजानात मुसलमान कर्मचाऱ्यांचं काम कायद्याने दिवसाला सहा तासांवर येतं, आणि शहर अक्षरशः उलटं होतं. यावर रियाधच्या किंग सौद विद्यापीठातले अहमद बाहम्माम यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यातून दिसतं ते असं की झोपेचं नुकसान उपवासाने कमी आणि सरकलेल्या वेळापत्रकाने जास्त होतं. म्हणजे दोष रोज्याचा नाही, रात्रभर चालणाऱ्या बाजाराचा.

पण आपण मराठी मंडळी यातलं किती पाळतो? आपल्याला रोजा नाही, बहुतेकांना फजरला उठायचं नाही, सकाळी आठला ऑफिस मात्र आहे. (कोकणातून इथे आलेल्या मुसलमान मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी. रत्नागिरी-रायगडची ही मंडळी फजरनंतर थोडा वेळ पुन्हा झोपतात, दुपारी छोटी विश्रांती घेतात. ज्यांना मुळात झोप लागते त्यांचं असं तुकड्यांचं वेळापत्रक बरं चालतं.) टाइम झोनची सबब तर चालतच नाही. भारत आपल्यापुढे अडीच तास आहे. भारतात साडेदहाला झोपणाऱ्या शरीराला इथे आठलाच पेंग यायला हवी! खरी गडबड होते ती शुक्रवार-शनिवारी. 2013 साली इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली. तेव्हापासून आपली गुरुवारची रात्र म्हणजे घरची शनिवारची रात्र. रात्री दोनपर्यंत गप्पा, शुक्रवारी अकराला उठणं, शनिवारी पुन्हा तेच, आणि शनिवारी रात्री दहाला आडवं होऊन छताशी कुस्ती. उद्या रविवार, कामाचा दिवस. दर आठवड्याला दोन दिवस शरीराला परदेशी पाठवायचं, रविवारी सकाळी परत बोलवायचं, आणि वर म्हणायचं की या देशात झोप येत नाही.

उठण्याची एकच वेळ, शुक्रवारीसुद्धा. आणि उठल्यावर उजेड. जूनमध्ये इथे सूर्य पावणेसहाच्या आतच वर येतो, आणि शरीराचं घड्याळ लावायला सकाळच्या उजेडासारखी दुसरी किल्ली नाही. आपण मात्र जाड पडद्यांच्या खोलीतून काळ्या काचांच्या गाडीत, गाडीतून बिनखिडकीच्या ऑफिसात. मी सहाला उठून वीस मिनिटं समुद्राकडे चालत जाते. ऑगस्टमध्ये तेवढ्यातही अंग घामाने निथळतं, तरी जाते.

या सल्ल्यांना एक मर्यादा आहे, आणि ती लपवली तर मी त्या मावशीहून वेगळी ठरणार नाही. दुसऱ्या खोलीत जाऊन बसा, असं बूटझिन म्हणतात. ज्याला दुसरी खोली आहे त्याने जावं. आमच्याकडे सामान पोचवणारा एक ड्रायव्हर मूळचा चिपळूणजवळचा. एका खोलीत सहा जण, तीन वेगवेगळ्या पाळ्यांचे. कुणीतरी सतत दिवा लावतं, कुणाचा तरी गजर वाजतो. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. चांगलाच नियम आहे, पण त्यासाठी बांधकामावरच्या मजुरांची पाळी पहाटे लवकर सुरू होते, आणि बस त्याहून लवकर येते. या माणसांना निद्रानाश नाही, त्यांच्याकडून झोप काढून घेतलेली आहे. या दोन गोष्टींत गल्लत करू नये. त्यांना वर्तनचिकित्सा नको, कमी माणसांची खोली हवी. त्याला मी झोपेबद्दल काय सांगणार? तो म्हणाला, "ताई, मला कुठंही टाका, दोन मिनिटांत झोपतो." निजेला धोंडा.

ज्यांना घोरण्याबरोबर श्वास अडकतो, फिट येतात किंवा मनाचे तीव्र चढउतार होतात, त्यांनी झोपेचे तास स्वतःहून कमी करू नयेत. आधी डॉक्टर.

आता गोळ्या. भारतातून परतणाऱ्यांच्या बॅगांत जायफळ नसतं तेव्हा बहुधा एक पट्टी असते, अल्प्राझोलामची नाहीतर झोल्पिडेमची. ओळखीच्या दुकानदाराने दिलेली. भारतात ही औषधं शेड्यूल एच1 मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराने स्वतंत्र वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव नोंदवायचं असतं. "अहो, आपलंच दुकान आहे" या वाक्यासमोर ही वही उघडतच नाही. सौदीत मात्र ही नियंत्रित औषधं आहेत. प्रवाशाने ती आणायची तर इथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते, डॉक्टरचं पत्र लागतं, आणि मर्यादित दिवसांपुरतीच आणता येतात. दुसऱ्याची पट्टी स्वतःच्या बॅगेतून आणणं हा उपकार नाही, वेडेपणा आहे. "प्लीज एक पट्टी आणशील का" असे निरोप आपल्या ग्रुपवर दर सुट्टीत फिरतात. ज्याने मागितली तो घरी झोपलेला असतो, आणि विमानतळावर उभा राहतो तो दुसराच.

कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. या गोळ्या काही रात्रींसाठी उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. घरात मृत्यू झाला, शस्त्रक्रिया झाली, तर चार दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पण काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावतं, सोडायला गेलं की झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते, आणि माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही." बेंझोडायझेपिन गटातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली अवलंबित्वाबद्दलचा चौकटीतला इशारा आणखी कडक केला. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी तोल जाणं, पडणं, हाड मोडणं, गोंधळल्यासारखं होणं, हे सगळं नोंदलेलं आहे.

हे वाक्य मी गेल्या जुलैत आईसमोर मोठ्याने वाचलं. जायफळाचं भांडण नुकतंच झालं होतं. ती काही बोलली नाही. मग स्वयंपाकघरातून कुंकवाच्या डबीएवढी एक डबी घेऊन आली. आत अर्ध्या केलेल्या गोळ्या. बाबा गेल्यावर त्यांच्याच डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेल्या. त्याला अकरा वर्षं झाली. दुकानदार ओळखीचा आहे.

"मग मला जायफळ का देत होतीस?" मी विचारलं.

"तुला गोळीची सवय लागू नये म्हणून," ती म्हणाली.

ती आता अडुसष्ट वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री बाथरूमला जाताना पडली होती. फरशी ओली होती, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. अकरा वर्षांची गोळी एका रात्रीत बंद करायची नसते. तसं केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्यामहिन्याने थोडी थोडी कमी करायची, आणि त्याच वेळी अंथरुणातले तास आवळायचे. आई रात्री साडेआठला पाठ टेकते, "लवकर झोपावं" म्हणून. उठते साडेपाचला. नऊ तास. त्यात झोप किती, हे आता ती वहीत लिहिते.

पुण्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तोवर अर्धी गोळी चालू आहे, आणि रात्री दहापर्यंत अंथरुणात जायचं नाही, एवढंच ठरलं आहे. तिचे दहा म्हणजे इथले साडेसात. तेव्हा मी फोन करते. साडेनऊनंतरचा वेळ कसा काढायचा हे तिला कळत नाही, म्हणून ती आता शेंगा निवडत बसते.